पंचविसावी शिट्टी स्पर्धा, पहिल्यांदाच

भाचा : चहा नंतर. आधी हे वाच, मग ठरव मला चहा द्यायचा की हाकलून द्यायचं.

मावशी : हळू बोल रे. गाल सुजलाय माझा, कानापर्यंत ठणकतंय. आणि त्या खुर्चीवरचा गठ्ठा खाली ठेवून बस. खाली म्हणजे जमिनीवर, टिल्ल्या! माझ्या डब्यावर नाही.

भाचा : सगळ्या ऑफिससमोर टिल्ल्या म्हणू नकोस ना. तुझ्या केबिनच्या दारातून वाकून यावं लागतं मला आता.

मावशी : वाढलास खरा. काय झालं ते बोल.

भाचा : तुझ्या पेपरात आज थाप छापून आलीय. पहिल्या पानावर, चौकटीत. माझ्या ब्लॉगसाठी पोस्ट लिहून तयार आहे. बटण दाबलं की गेली.

मावशी : तुला दिवसाआड कुठे ना कुठे थाप दिसतेच. शेजारच्या काकूंना नातवंडं झाली, तर तू त्यांच्या फोटोवर भिंग घेऊन बसला होतास.

भाचा : एकच बाळ दोनदा चिकटवल्यासारखं दिसत होतं गं!

मावशी : जुळी होती रे ती!

भाचा : बरं, ती एक चूक. आजचा पेपर पाहिलास?

मावशी : इथे रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच नाही पाहिला. काल दाढ काढली, रात्रभर कण्हत होते, आत्ता दुपारी येऊन टेकतेय. तूच वाच, चष्माही घरी राहिलाय.

भाचा : 'शिट्टीप्रेमी मंडळाची पंचविसावी खुली शिट्टी स्पर्धा रविवारी सकाळी मोठ्या बागेतील गोल कट्ट्यावर होत आहे. यंदा महिलांसाठी स्वतंत्र गट असून विजेत्यांना चांदीची शिट्टी देण्यात येईल.' मावशी? अशी काय बघतेस? पाणी देऊ?

मावशी : पहिल्या पानावर म्हणालास?

भाचा : वर शिट्टीचं चित्रही काढलंय.

मावशी : अगं आई गं.

भाचा : आता मी कसं पकडलं ते ऐक. पंचविसावी स्पर्धा म्हणजे आधी चोवीस झाल्या असणार. बरोबर? सकाळी वाचनालयात गेलो, तुझ्याच पेपरच्या जुन्या फायली काढल्या. इथे हरवलेल्या पोपटाची बातमी येते, वाकलेल्या खांबाची येते, आणि गावभर शिट्ट्या वाजल्या त्याची एक ओळ नाही? मग बागेच्या माळीबुवांना फोन केला...

मावशी : थांब. फोन केलास? तू?

भाचा : हो, केला.

मावशी : हाडामांसाच्या माणसाला?

भाचा : टोमणे नंतर मार. माळीबुवा म्हणाले, असलं मंडळ त्यांनी जन्मात ऐकलेलं नाही. मंडळ नाही, परवानगी नाही, स्पर्धा नाही. कोणीतरी तुम्हाला शेंडी लावली आणि तुम्ही ती डोळे मिटून छापलीत. ब्लॉगवाले म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, हे वाक्य कोणाचं? पाहुण्यांसमोर ते मला कोण ऐकवतं?

मावशी : मीच.

भाचा : मग आता सांग, थाप कोणाला लवकर कळते? मला, की तुमच्या एवढ्या मोठ्या कचेरीला?

मावशी : तुला कळली. शाब्बास. पण शेंडी कोणी लावली ते नाही कळलं तुला.

भाचा : ते शोधतोय. धागा लागलाय. लिहिणारा माणूस सराईत दिसतो. भाषा अगदी...

मावशी : अगदी माझी आहे. कारण ती मी लिहिलीय.

भाचा : ...काय?

मावशी : आता घे चहा. आणि ते दार लोटून घे. समोरच्या इमारतीतला पेपर माहितीये ना? वर्षभर ते आमच्या बातम्या जशाच्या तशा उचलतायत. आमची बाहेरगावची आवृत्ती संध्याकाळीच छापून गाड्यांवर चढते. ती ते मिळवतात, आणि सकाळी 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून आमचीच बातमी त्यांच्याकडे. मालकांना सांगून थकले. ते म्हणाले, पुरावा दाखवा.

भाचा : म्हणून तू खोटी बातमी पेरलीस?

मावशी : चकवा म्हणतो आम्ही त्याला. घडलेलीच नाही अशी गोष्ट त्यांच्याकडे छापून आली, तर कुठून आली? दुसरं उत्तरच नाही. बाहेरगावच्या आवृत्तीत आतल्या पानावर, कोपऱ्यात टाकायची आणि शहराची आवृत्ती निघायच्या आत काढून घ्यायची. एवढंच ठरलं होतं.

भाचा : मग काढली का नाही?

मावशी : काढणार होते मी. आणि मी त्या वेळी होते दाताच्या डॉक्टरकडे, आ वासून.

भाचा : बाकीच्यांना सांगितलं नव्हतंस?

मावशी : गुपित चार तोंडी केलं तर चकवा कसला? पण डेस्कवरच्या मंडळींना ती इतकी आवडली, की शहराच्या आवृत्तीत त्यांनी ती उचलून पहिल्या पानावर नेली. आत येताना जो तो म्हणत होता, मॅडम, चौकट झकास जमली. मी आपली मान हलवत होते, मला वाटलं क्रिकेटची चौकट.

भाचा : पण एकानेही एक फोन करू नये?

मावशी : कोणी करेल? बातमी माझी. दुसऱ्या कोणाचीही असती ना, तर मीच तिला उभीआडवी सोलली असती. माझी मात्र कोणी सोलत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

भाचा : आणि समोरच्यांनी उचलली?

मावशी : तूच सांग. त्यांचा आजचा अंक तुझ्या पिशवीत दिसतोय.

भाचा : शब्दन् शब्द. शिवाय पुढे, 'तयारी जोरात सुरू असल्याचे आमच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष पाहिले.'

मावशी : प्रत्यक्ष पाहिले! अरे देवा, हसवू नकोस, टाके आहेत.

भाचा : हस, हस. मला नाही हसू येत.

मावशी : का रे? तुझ्या ब्लॉगवाल्या भाऊबंदांनी काय केलं? त्यांनी तरी माळीबुवांना विचारलं असेल ना?

भाचा : तो विषय वेगळा आहे.

मावशी : नाही, बोल ना. लाजतोस कशाला?

भाचा : एकाने लिहिलंय, शिट्टीने फुप्फुसं कशी मजबूत होतात. एकीने मागच्या वर्षीच्या विजेत्याचा फोटो टाकलाय.

मावशी : मागच्या वर्षीच्या विजेत्याचा?

भाचा : फोटोतला माणूस चहा फुंकतोय. मी तपासलंय, कप कापून टाकलाय खालचा. आणि एकाने लांबलचक पोस्ट लिहिलीय, की मागच्या वर्षीचा निकाल वशिल्याचा होता, खरा विजेता डावलला गेला. त्याखाली माणसं भांडतायत. तिघं म्हणतात, आम्ही स्वतः तिथे होतो.

मावशी : अरे रामा! म्हणजे आम्ही न बघता छापलं, आणि तुमच्या लोकांनी न झालेलं बघितलं!

भाचा : हसतेस काय? मी ही पोस्ट टाकली की उद्या गावभर होईल. मावशीच्या पेपरने थाप मारली, आणि मारली स्वतः मावशीने. तू इथे बसवून ज्यांच्या मुलाखती घेतल्यास, ती माणसंसुद्धा रस्त्यात तुझी टर उडवतील.

मावशी : मग? टाकणार नाहीस?

भाचा : म्हणून तर आधी तुझ्याकडे आलो.

मावशी : दया दाखवायला आलास?

भाचा : विचारायला आलो. ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी विचारावं, हे तूच शिकवलंस. आई गेल्यावर तुझ्या मांडीवर बसून पेपर वाचायला शिकलोय मी. तुझ्याच नाकावर टिच्चून कसं लिहू?

मावशी : इकडे ये. वाक जरा. अरे, माझा हात पोचत नाही तुझ्या डोक्यापर्यंत. ऐक. पोस्ट टाक. माझं नाव घालून टाक. समोरच्यांचं घाल, आणि चहा फुंकणाऱ्याचंही घाल. आम्ही उद्याच्या अंकात चूक कबूल करतो, पहिल्या पानावर, त्याच चौकटीत.

भाचा : आणि तुझी अब्रू?

मावशी : खोटं दडवून राखलेली अब्रू काय चाटायचीय? पण हा फोन बघ केव्हाचा थरथरतोय. माळीबुवा आहेत. हॅलो? हो, मीच... किती जण?... नाव कुठे नोंदवायचं विचारतात?... अहो, नाही म्हणून सांगायचं ना... मुलं बेंचवर बसून सराव करतायत?... बरं. बरं. मी बघते.

भाचा : काय झालं?

मावशी : बागेत शिट्ट्या सुरू झाल्यात. आजच. उद्या माणसं येणार, टिल्ल्या. कबुलीचा अंक वाचून काही घरीच थांबतील, पण न वाचता निघालेल्यांचं काय? आपल्या शब्दावर आलेलं माणूस परत नाही पाठवायचं. स्पर्धा घ्यायची.

भाचा : म्हणजे खोट्याला रंगरंगोटी करून खरं म्हणून खपवायचं? असलं काही मी नाही लपवणार हं.

मावशी : लपवायला सांगतंय कोण? आधी माइकवरून सांगायचं, बातमी खोटी होती. मग स्पर्धा. ज्याला रागावून जायचंय त्याने जावं, ज्याला वाजवायचीय त्याने वाजवावी.

भाचा : आणि चांदीची शिट्टी?

मावशी : तुझे काका फुटबॉलचे रेफ्री होते, त्यांच्या दोन शिट्ट्या आहेत कपाटात. चांदीच्या नाहीत, तेही सांगू. घासून लख्ख करणं तुझं काम.

भाचा : परीक्षक?

मावशी : एक त्या कोपऱ्यावरच्या संगीतशाळेच्या बाई. दुसरा परीक्षक... तो फोन दे इकडे. समोरच्या संपादकांना बोलावते. त्यांच्या प्रतिनिधीने तयारी प्रत्यक्ष पाहिलीय, आता त्यांनी निकालही प्रत्यक्ष बघावा.

(रविवार सकाळ. मोठी बाग. गोल कट्ट्याशेजारी एक टेबल, त्यावर माइक.)

भाचा : मावशी, बागेला जत्रा आलीय नुसती. कबुली वाचूनही आलेत! एक म्हणाला, खोटी असली म्हणून काय झालं, रविवार आहे, बघून तर येऊ.

मावशी : तुझी पोस्ट वाचून आलेत की माझी चौकट?

भाचा : थोडे माझी, थोडे तुझी. अर्ध्यांनी काहीच वाचलेलं नाही. आणि समोरचे संपादक आलेत, गॉगल लावून बसलेत.

मावशी : बसू दे. आजवर एवढ्या माणसांची चूक छापली, स्वतःची बोलायची तर कागदावर चार वेळा खोडलंय.

नर्सबाई : (साठीच्या, पर्स सांभाळत टेबलाशी येऊन) नाव नोंदवायचं इथेच ना?

मावशी : हो, हो. या. बसा.

नर्सबाई : बसत नाही. बसलं की श्वास अडतो. उभ्याने चांगली लागते. महिला गट कितवा आहे?

भाचा : दुसरा. तुम्ही कुठून आलात?

नर्सबाई : घाटापलीकडून. पहिल्या गाडीने. आमच्याकडे तुमचा पेपर आदल्या रात्रीच येतो, हा शुक्रवारी आला. कोपऱ्यात होती बातमी, बोटभर. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. सुनेला म्हटलं, उद्याचा दिवस सराव, परवा मी जाणार. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.

मावशी : शुक्रवारी रात्री. कोपऱ्यातली.

नर्सबाई : हो. का? चुकलं काही?

मावशी : नाही हो. तुमचं काही नाही चुकलं.

नर्सबाई : तुमचा गाल सुजलाय. दाढ काढलीत का? मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. आणि बोलू नका फार.

भाचा : आज त्यांना बोलावंच लागणार आहे. तुम्ही शिट्टी कधीपासून वाजवता?

नर्सबाई : लहान होते तेव्हापासून. बापाने शिकवली, आईने थोबाडीत दिली. पोरीच्या जातीने शिट्टी मारायची नसते म्हणे. मग लग्न झालं, तिथे सासूबाई. मग नोकरी हॉस्पिटलात, नर्स होते मी, आणि वॉर्डात जिकडेतिकडे पाटी, शांतता राखा. मीच राखून घेत होते सगळ्यांकडून! वाजवायची ती कपडे वाळत घालताना, गच्चीवर. ऐकायला कावळे.

भाचा : आणि आता?

नर्सबाई : आता रिटायर झाले, सासूबाई गेल्या, आई गेली. म्हटलं, आता कोण अडवतंय? पण नुसती वाजवत कुठे उभी राहणार हो? लोक म्हणतील, म्हातारी चळली. आणि हे पेपरात आलं. छापून आलं की लाज जाते बघा. मी कात्रण पर्समध्ये ठेवलंय, कोणी विचारलं तर दाखवायला. जाते, त्या झाडाखाली जरा ओठ गरम करते.

भाचा : मावशी.

मावशी : ऐकलं मी.

भाचा : सरावाच्या नादात तिने आजचा अंक उघडलेलाच दिसत नाही. कबुली वाचलेली नाही तिने.

मावशी : त्याहून वाईट ऐक. ती पहिल्या पानाची चौकट बघून नाही आली. कोपऱ्यातली बातमी वाचून आलीय, बाहेरगावच्या आवृत्तीतली. माझी दाढ दुखली नसती, सगळं ठरल्यासारखं झालं असतं, तरी ही बाई गाडी पकडून आलीच असती. आणि रिकाम्या बागेत पर्स धरून उभी राहिली असती. बातमी पेरताना मी स्वतःशी म्हणाले होते, बाहेरगावचे लोक कशाला येतायत इतक्या लांब. लाज वाटतेय रे मला.

भाचा : मग असं कर. आत्ता नको सांगूस. तिला वाजवू दे, शिट्टी घेऊन घरी जाऊ दे, मग माइकवर सांग.

मावशी : हे तू बोलतोस? ज्याने जुळ्यांना सोडलं नाही तो?

भाचा : तिच्या पर्समध्ये कात्रण आहे गं.

मावशी : म्हणूनच आधी सांगायचं. फसवून वाजवून घेतलेली शिट्टी तिच्या काय कामाची? सरक. माइक दे. चालू कुठून होतो हा?

भाचा : खालचं बटण. मी इथेच आहे. मागे.

मावशी : मंडळी. नमस्कार. मी या पेपरची संपादक. ज्यांनी आजचा अंक वाचला त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही वाचला त्यांना सांगते. शिट्टीप्रेमी मंडळ नावाचं मंडळ नाही. ही पंचविसावी स्पर्धा नाही. ती बातमी खोटी होती, आणि ती मी लिहिली होती, बातम्या चोरणाऱ्याला पकडायला. चोर सापडला, पण छापील शब्दावरच्या विश्वासाचं आमिष लावलं मी, आणि तो विश्वास माझा नव्हता, तुमचा होता. माझं चुकलं. हे पकडलं माझ्या भाच्याने, त्याच्या ब्लॉगवर. आमच्या कोणी नाही पकडलं. तुम्ही आलात, कट्टा आहे, परीक्षक आहेत. दोन शिट्ट्या आहेत, चांदीच्या नाहीत. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा. एवढंच.

भाचा : छान बोललीस.

मावशी : कोणी उठलं का? मी वर बघत नाहीये.

भाचा : एक काका उठले. नाही, सावलीत सरकले नुसते. कोणी जात नाहीये, मावशी! मागे टाळ्याही वाजवतायत. समोरच्यांनी गॉगल काढला.

मावशी : आणि ती?

भाचा : ती येतेय. इकडेच येतेय. पर्स उघडतेय.

नर्सबाई : संपादकबाई.

मावशी : बोला. काय बोलायचं ते बोला.

नर्सबाई : हे कात्रण. म्हणजे हे सगळं तुम्ही मनाने लिहिलंत?

मावशी : हो.

नर्सबाई : कोणी सांगितलं नाही, कुठे बघितलं नाही, खुर्चीत बसून लिहिलंत?

मावशी : हो.

नर्सबाई : महिलांसाठी स्वतंत्र गट, तेही?

मावशी : तेही. माझी चूक झाली हो. तुमच्या येण्याजाण्याचं...

नर्सबाई : गप्प बसा जरा, टाके उसवतील. मी रागावले नाहीये. मी विचार करतेय. इतकी वर्षं झाली, आणि हे कोणाला सुचलं नव्हतं. खोटं म्हणूनसुद्धा नाही.

भाचा : तुम्ही थांबणार ना? दुसरा गट आहे तुमचा. हवं तर पहिला करतो.

नर्सबाई : थांबणार म्हणजे? वाजवायला आलेय मी. तुम्ही ते लिहिलंत, बरं झालं. आता सांगा, कुठे उभी राहू?